पंधरावा पेशंट

(इस्पितळाचा सहावा मजला. ऑपरेशन विभागाबाहेरची बाकं. सकाळचे साडेसात.)

बायको : मी बसणार नाही. आधी सांगा, कुठे दुखतंय?

नवरा : अगं, तू? इथे? या वेळेला? लाँड्री नाही का आज?

बायको : लाँड्री गेली खड्ड्यात. लोक एक दिवस मळके फिरले तर कुणी मरत नाही. नको, तो शब्दच नको आज. कुठे दुखतंय विचारलं मी.

नवरा : मला? गुडघा. नेहमीचा. आणि तू सहा मजले चढून आलीस? केवढा दम लागलाय.

बायको : माझ्या दमाचं मी बघते.

नवरा : ही पिशवी कसली?

बायको : तुमची. टॉवेल आहे, दोन सैल पायजमे, स्वेटर, दाढीचं सामान, जुने सगळे रिपोर्ट. थर्मासमध्ये चहा आहे, पण तो मला. तुम्हाला चालणार नाही. आणि सकाळी केळी खाल्लीत ना? दोन खाल्लीत. मी ओट्याशी उभी राहून बघत होते, आता काय होईल म्हणून.

नवरा : केळ्यांनी?

बायको : रात्री दहानंतर पाणीसुद्धा प्यायचं नसतं! म्हणून तर काल बिस्किटांचा डबा लपवला.

नवरा : तू लपवलास होय? मी अर्धा तास शोधत होतो. थांब. पाणी प्यायचं नसतं, असं कुणी सांगितलं तुला?

बायको : तुमच्या इस्पितळाने. घ्या माझा फोन. चष्मा लावा आणि वाचा. मोठ्याने.

नवरा : "आपली शस्त्रक्रिया उद्या सकाळी आठ वाजता ठरली आहे. साडेसात वाजता सहाव्या मजल्यावर हजर राहावे. रात्री दहानंतर काहीही खाऊ-पिऊ नये. सोबत एक नातेवाईक…"

बायको : नातेवाईक आलीय. वर नाव कुणाचं आहे?

नवरा : माझं.

बायको : वय?

नवरा : सत्तेचाळीस. अरे देवा.

बायको : देवाला नंतर हाक मारा. गाठ आहे का? कसली आहे? तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

नवरा : अगं, गाठ नाही… थांब… हे म्हणजे…

बायको : हसताय? मी इथे जीव मुठीत धरून आलेय आणि तुम्ही हसताय?

नवरा : हसत नाही. हसतोय, पण… ऐक. मला काहीही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे.

बायको : ठणठणीत माणसाच्या खिशात तीन आठवड्यांत सहा वेळा इस्पितळाची चिठ्ठी सापडत नाही. बावीस वर्षं काउंटरवर काढलीत मी. माणूस काय वाट्टेल ते बोलतो, खिसा खोटं नाही बोलत. "प्रवेश, सहावा मजला, ऑपरेशन विभाग." सहाच्या सहा ठेवल्यात मी.

नवरा : कामाला येत होतो गं इथे.

बायको : आणि जिन्यात उभं राहून फोनवर बोलत होतात, ते? मी गच्चीवरून कपडे घेऊन उतरत होते. "आता अठराच दिवस राहिलेत, घरी अजून बोललो नाही." हेही काम का?

नवरा : ते ऐकलंस तू?

बायको : ऐकलं आणि तिथेच पायरीवर बसले. त्या दिवसापासून मोजतेय. आज संपले अठरा.

नवरा : बस. आधी बस बघू. पिशवी दे इकडे. हे बघ, नव्या नोकरीत सहा महिने बघतात, मग ठेवायचं की नाही ते ठरवतात. त्यातले अठरा दिवस राहिले होते. आज शेवटचा. अकरा वाजता आमच्या मॅडम इथे येतील आणि सांगतील. एवढंच राहिलं होतं, दुसरं काही नाही.

बायको : खरं?

नवरा : तुझ्या गळ्याची शपथ.

बायको : माझ्या गळ्याला मधे आणू नका. मग हा मेसेज काय झाडावरून पडला?

नवरा : मीच पाठवला. म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रामने पाठवला. तूच सांग, लिफ्ट दुरुस्त झाली की पहिली फेरी कोण मारायचं?

बायको : तुम्ही. आधी आपण बसायचं, मग लोकांना बसवायचं. चोवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होतात, तेच ऐकलंय. तुम्ही घरी येईपर्यंत जिवात जीव नसायचा माझ्या.

नवरा : तेच केलं मी. इथे कुणाचं ऑपरेशन कधी, कुणाच्या आधी कुणाचं, हे इतके दिवस सिस्टर फळ्यावर लिहायच्या. आजपासून प्रोग्राम लावणार. त्यातली यादी आणि मेसेज, एवढा भाग माझा. सरावासाठी खोटे पेशंट घातले होते. एक म्हातारा, एक लहान मूल, एकाला साखर, एकाला दमा. आणि सगळ्यांच्या आधी स्वतःला घातलं. पहिली फेरी आपली.

बायको : आणि फोन नंबर माझा.

नवरा : माझा नंबर आधीच तिथे कामाचा माणूस म्हणून घातलेला होता, दुसऱ्यांदा घेईना. खोटा टाकावा तर भलत्याच घरी मेसेज जायचा. म्हटलं सरावातून मेसेज जातच नाहीत, तर तुझा टाकू. तोंडपाठ तेवढा एकच आहे मला.

बायको : लाडात येऊ नका. मग गेला कसा?

नवरा : रविवारी सराव बंद केला आणि खरं काम सुरू केलं. त्याआधी खोटे पेशंट काढून टाकायचे होते. काढले. मोजून चौदा.

बायको : घातले किती होते?

नवरा : चौदा. आणि मी.

बायको : स्वतःला मोजलं नाहीत.

नवरा : नाही मोजलं.

बायको : आठ माणसांच्या लिफ्टमध्ये नववा शिरला तर वरच्या मजल्यावरून ओरडायचात. तुम्ही! आणि स्वतःच मोजणीत नाही.

नवरा : रडतेस?

बायको : नाही. अठरा दिवसांचं साठलं होतं, ते वाहतंय. राहू दे, रुमाल नको, टॉवेल आहे की आपल्याकडे. काही नाही ना झालेलं? परत एकदा सांगा.

नवरा : काही नाही झालेलं.

बायको : हां. आता चहा घ्या. तुम्हाला चालतो.

नवरा : पोरीला नाही ना काही बोललीस?

बायको : पहाटेच्या गाडीत बसलीय ती. दहापर्यंत पोचेल.

नवरा : अगं, फोन कर तिला! अर्ध्या वाटेतून परत पाठव.

बायको : आजारी नाही, एवढं कळवते. पण येऊ दे. चार महिन्यांत तोंड दाखवलेलं नाही तिने. तुम्ही आजारी न पडता येतेय तर काय वाईट आहे?

नवरा : थांब. एक मिनिट. मेसेज गेला, म्हणजे मी आजच्या यादीत आहे. खऱ्या यादीत.

बायको : मग?

नवरा : लॅपटॉप धर जरा. सरळ धर. बघ. पहिला नंबर, आठ वाजता, मी. दुसऱ्या नंबरवर आजी, वय एकाहत्तर. साखर आहे त्यांना. साखरवाल्या पेशंटला जास्त वेळ उपाशी ठेवायचं नाही, सगळ्यात आधी आत घ्यायचं, असा नियम आहे इथला. सिस्टरनी मला तीनदा बजावून सांगितला होता. मीच घातला तो प्रोग्राममध्ये.

बायको : मग तुम्ही त्यांच्या पुढे कसे?

नवरा : मी स्वतःला वर खिळा मारून ठेवलं होतं. काहीही झालं तरी हा पहिलाच राहील, असं. सरावात नजर ठेवायला सोपं जावं म्हणून.

बायको : थोडक्यात, म्हातारीला ढकलून पुढे घुसलात.

नवरा : हो. त्या बघ तिकडे, निळ्या शालीत. कालपासून उपाशी आहेत.

बायको : मग नाव काढून टाका ना पटकन. दाबा काय ते बटण. कुणाला कळतंय? अकराला तुमच्या मॅडम येणार, त्यांच्यासमोर कशाला पाढा वाचायचा?

नवरा : यादी छापून आत गेलीय. माझ्यासाठी टेबल मांडत असतील. गुपचूप नाव काढलं तर अर्धा तास मला शोधत बसतील, आणि आजी तशाच.

बायको : शेवटचा दिवस आहे हो.

नवरा : माहीत आहे.

बायको : मागच्या नोकरीतून आठ दिवसांत घरी आला होतात. नंतरचे दिवस मी बघितलेत. भिंतीकडे तोंड करून झोपायचात दुपारचे.

नवरा : तेही माहीत आहे. पण लिफ्ट अडकली की पहिलं काय करायचं?

बायको : मशीन उघडायचं.

नवरा : मशीन नंतर. आधी आवाज द्यायचा. आत माणूस आहे.

बायको : जा मग. उठा. त्या बघा, सिस्टरच आल्या.

सिस्टर : पहिला नंबर कोण? पुरुष, सत्तेचाळीस, अपेंडिक्स. साडेसातची वेळ होती, पावणेआठ होत आले. पेशंट कुठाय?

बायको : अपेंडिक्स? यांचं अपेंडिक्स तर लग्नाच्या आधीच काढलंय!

सिस्टर : कुणाचं?

नवरा : सिस्टर, पेशंट मी आहे.

सिस्टर : लॅपटॉपवाले, सकाळी सकाळी चेष्टा नको. आत डॉक्टर हात धुतायत.

नवरा : चेष्टा नाही. पेशंट मी आहे, पण मी पेशंट नाही.

बायको : नीट सांगा हो. असं बोललात तर त्या तुम्हाला भलत्याच विभागात पाठवतील.

नवरा : सरावासाठी मी माझं नाव घातलं होतं. काढायला विसरलो. असा पेशंट नाहीच. आजारांच्या यादीत अपेंडिक्स सगळ्यात वर होतं म्हणून तेच निवडलं. चूक माझी. पहिला नंबर त्या आजींचा आहे.

सिस्टर : काय सांगता?

नवरा : खरं तेच सांगतोय.

सिस्टर : तरीच. डॉक्टरांनी दोनदा विचारलं मला, हा अपेंडिक्सवाला कुणाचा? मी म्हटलं दुसऱ्या डॉक्टरांचा असेल, कॉम्प्युटर सांगतोय तर असेल. आणि हा फळा बघताय? काल दुपारी यावर मी आजींना पहिलं लिहिलं होतं. संध्याकाळी तुमची यादी आली, आणि माझ्या हाताने पुसलं. एकोणतीस वर्षांत साखरेच्या पेशंटला मी दुसरं बसवलेलं नाही.

नवरा : तुमचं बरोबर होतं. परत लिहा.

सिस्टर : लिहिणारच आहे. अशी अजून किती भुतं आहेत यादीत?

नवरा : एकही नाही. आत्ता परत मोजले. स्वतःला धरून.

सिस्टर : तुम्ही हे मला सव्वाआठला सांगितलं असतं ना, तर तुमचं खरंच ऑपरेशन केलं असतं मी, भूल न देता. आता सात सत्तेचाळीस. जमेल. आजींना कोण सांगणार?

नवरा : मी सांगतो.

सिस्टर : काय सांगाल?

नवरा : माझ्या चुकीमुळे तुम्हाला उशीर होणार होता. आता होणार नाही.

सिस्टर : तेवढंच सांगा. प्रोग्राम-बिग्रॅम नको. डाव्या कानाशी बोला, उजव्याने ऐकू येत नाही त्यांना.

बायको : सिस्टर, एक विचारू? यांची नोकरी आज ठरणार आहे. तुमच्याकडून काही…

सिस्टर : ते माझ्या हातात नाही बाई. माझ्या हातात टेबल.

बायको : हो, तेही बरोबर आहे.

सिस्टर : हे आधी काय करायचे? कॉम्प्युटरवाले असे नसतात. ते फोनवर सांगतात, बंद करून चालू करा.

बायको : लिफ्ट दुरुस्त करायचे. चोवीस वर्षं. मग गुडघा गेला, शाफ्टमधली शिडी चढवेना. पंचेचाळिसाव्या वर्षी वर्गात जाऊन बसले. सगळी पोरं काका म्हणायची, शिकवणारा मास्तरही काकाच म्हणायचा. घरी पोरीच्या जुन्या टेबलाशी बसायचे, गुडघे टेबलाखाली मावायचे नाहीत. मी इस्त्री करत असले की मला समोर धरून समजावायचे. दार लागलं असेल तरच मोटर फिरेल, नाहीतर फिरणार नाही. सगळं एवढ्यावरच चालतं म्हणे.

सिस्टर : कळलं तुम्हाला?

बायको : मला कुठलं? पण मला सांगता सांगता त्यांना कळायचं. म्हणून मी मान हलवायची.

सिस्टर : बघा, आजी हसल्या. हसलेला पेशंट बरा असतो, प्रेशर खाली येतं. मी जाते. लॅपटॉपवाल्यांना सांगा, नवी यादी पाच मिनिटांत माझ्या हातात पाहिजे. कागदावर.

बायको : या. काय म्हणाल्या आजी?

नवरा : म्हणाल्या, मग तुझंच होऊन जाऊ दे ना बाळा आधी. तुला कामाला जायचं असेल. मी काय, बसलेय.

बायको : अगं बाई.

नवरा : हो. यादी देऊन येतो आणि मॅडमना फोन लावतो.

बायको : आलात? दिली यादी? पण फोनला अकराची वाट नाही बघणार?

नवरा : नाही बघवणार. हं, लागला… हॅलो, मॅडम, मी बोलतोय. नाही, थांबण्यासारखं नव्हतं. एक चूक झालीय. माझ्याकडून… सरावातला पेशंट खऱ्या यादीत गेला… मी… नाही, काढायला विसरलो तर मीच, पण पेशंटही मीच. नाव माझं… नाही मॅडम, कुणाला काही झालं नाही, आजी वेळेवर आत जातायत… कुणी पकडलं? बायकोने… हो, इथेच आहे. पायजमे घेऊन आलीय… बरं. हो, सगळं लिहून पाठवतो. आत्ताच.

बायको : काय म्हणाल्या?

नवरा : लिहून पाठवा, मग बघू.

बायको : आवाज कसा होता? रागावल्यासारखा?

नवरा : आवाजासारखा होता. मला आता हे लिहू दे.

बायको : लिहा. मी बोलत नाही. बरं, एवढं विचारते आणि गप्प बसते. मला का नाही सांगितलंत? मला वाटत होतं नोकरी पक्की आहे. तुम्हीच तसं सांगितलं होतं.

नवरा : मागच्या वेळी पहिल्याच दिवशी सगळ्या बिल्डिंगला सांगून बसलो. आठव्या दिवशी घरी. मग महिनाभर जिन्यात भेटेल तो पाठीवर हात ठेवायचा. तुझ्या ताईने तर वॉचमनची जागा शोधून आणली.

बायको : वाईट मनाने नव्हती आणली तिने.

नवरा : म्हणून तर जास्त लागलं. तेव्हाच कानाला खडा लावला. पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

बायको : बिल्डिंगसमोर नका उघडू. मी बिल्डिंग आहे का?

नवरा : नाही.

बायको : लिफ्ट अडकली की आतल्या माणसाला आधी आवाज देता. आत्ता मलाच शिकवलंत. मी अठरा दिवस आत होते. तुम्ही शेजारी झोपत होतात आणि एक आवाज नाही दिलात.

नवरा : चुकलं. आजींचं पंधरा मिनिटांत निस्तरलं. तुझे अठरा दिवस कुठून आणू?

बायको : आणू नका. ते गेले. पण आपण पहिल्यांदा भेटलो तो दिवस आठवत होता मला सगळा वेळ. ती कापडाच्या दुकानातली लिफ्ट. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. दिवे गेलेले, मी एकटी. आणि वरून आवाज आला, "ताई, घाबरू नका, मी आलोय."

नवरा : ताई म्हणालो होतो खरा.

बायको : चाळीस मिनिटं ताई! तुमचा चेहरा दिसला नव्हता, नुसता आवाज. तुमच्या मावशीच्या पोपटाची गोष्ट सांगत होतात. पिंजऱ्यातून उडाला, पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला, खाली सगळा मोहल्ला जमा. आणि नेमकं तिथेच दार उघडलं तुम्ही. पोपटाचं पुढे काय झालं ते विचारायला म्हणून थांबले मी. नाहीतर सरळ घरी गेले असते.

नवरा : पोपट नव्हताच.

बायको : माहीत आहे. लग्नानंतर कळलं, तुम्हाला मावशीसुद्धा नाही.

नवरा : तुझं रडणं थांबत नव्हतं. काहीतरी बोलत राहायला हवं होतं.

बायको : तेच म्हणतेय मी. खोटं बोलला असतात तरी चाललं असतं. पोपट चालला असता मला.

नवरा : यापुढे आधी तुला सांगीन. पक्कं असो, कच्चं असो.

बायको : कच्चं असेल तर आधी. पक्कं झाल्यावर सगळेच सांगतात. लिहून झालं का?

नवरा : झालं. पाठवलं. शेवटची ओळ लिहिलीय, यापुढे मोजताना स्वतःला धरून मोजेन.

बायको : चांगली आहे. माझं नाव घातलंत का? पकडलं मी.

नवरा : घातलं. पहिल्याच ओळीत.

बायको : साडेनऊ होत आले. चहा संपवा, कधीचा थंड झालाय. आणि सारखं त्या फोनकडे बघू नका. बघितल्याने तो वाजत नाही.

नवरा : वाजला.

बायको : उचला! उचला ना!

नवरा : हॅलो… हो मॅडम… वाचलंत? हो, पंधरा होते… सिस्टरनी? त्यांनी तुम्हाला फोन केला? कधी? … असं म्हणाल्या? … बरं… हो… सोमवारी. हो, येतो ना. किती वाजता? … मॅडम, जरा परत सांगाल का? … नाही, ऐकू आलं. परत एकदा ऐकायचं होतं… हो. तिला सांगतो. ठेवतो.

बायको : आता गप्प बसलात ना तर हा थर्मास डोक्यात घालीन.

नवरा : ठेवलं मला. कायम. सोमवारी कागदावर सही. अकराला त्या येतच नाहीयेत, म्हणाल्या आता इथे येऊन काय विचारू?

बायको : पुन्हा सांगा.

नवरा : कायम.

बायको : हुश्श. आणि मला काय सांगायला सांगितलं?

नवरा : म्हणाल्या, तुमच्या मिसेसना सांगा, आमच्याकडे प्रोग्राममधल्या चुका पकडायला माणसं कमी आहेत.

बायको : मला माझे खिसेच बरे. सिस्टर, थांबा, थांबा. तुम्ही यांची शिफारस केलीत, फार उपकार झाले.

सिस्टर : शिफारस? मी तक्रार केली. म्हटलं, यापुढे माझी सही झाल्याशिवाय यादी पक्की होता कामा नये, आणि मी फळा काढणार नाही. आणि हे बदल करायला हाच माणूस पाठवा. दुसरा आला तर त्याला साखरेचा नियम परत पहिल्यापासून सांगायला माझ्या अंगात त्राण नाही. याला एकदा कळलंय, आता जन्मात विसरणार नाही.

नवरा : नाही विसरणार.

सिस्टर : आजींचं झालं. छान आहेत. शुद्धीवर आल्या आल्या विचारलं, त्या तरण्याचं झालं का हो?

नवरा : काय सांगितलंत?

सिस्टर : सांगितलं, झालं. आठवडाभर जड उचलायचं नाही त्याने. आणि तुमच्या नावाने ठेवलेली बारा नंबरची खाट अजून रिकामी आहे. तोंडं बघा दोघांची. हवं तर दहा मिनिटं पाठ टेका.

बायको : नको बाई, खाटेचं नाव नको. पोरगी स्टँडवर उतरेल एवढ्यात. आम्ही निघतो.

नवरा : मी दुपारी येतो, सिस्टर. तुमच्या सहीचा तो बदल आजच करू.

सिस्टर : दोन वाजता. एकटे या. पायजमे घरी ठेवून.

बायको : चला. पिशवी द्या इकडे.

नवरा : राहू दे, मी घेतो. अगं, कुठे निघालीस? जिना या बाजूला आहे.

बायको : माहीत आहे मला जिना कुठे आहे.

नवरा : सावकाश उतरू. मी येतो तुझ्याबरोबर, एकेक मजला थांबत थांबत.

बायको : सहा मजले? त्या गुडघ्याने? काही गरज नाही.

नवरा : पण तू लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीस. लिफ्टवाल्याची बायको जिने चढते म्हणून सगळी बिल्डिंग हसायची. आत्तासुद्धा सहा मजले चढून…

बायको : चढून नाही आले.

नवरा : मग?

बायको : सात पंचवीस झाले होते. साडेसातची वेळ होती. जिन्याने आले असते तर तुम्हाला आत नेलं असतं.

नवरा : लिफ्टने आलीस? एकटी?

बायको : एकटी. डोळे मिटून. तिसऱ्या मजल्यावर जरा हलली, तेव्हा पोपटाची गोष्ट म्हणत होते मोठ्याने. बाहेर उभ्या माणसाने दार उघडल्यावर माझ्याकडे कसं बघितलं, काय सांगू.

नवरा : टॉवेल कुठाय गं?

बायको : आता तुम्ही रडू नका. टॉवेल पिशवीत खाली गेलाय. दाबा बटण.

नवरा : दाबलं. आली बघ. नक्की येतेस?

बायको : येते. पण दार लागलं की बोलत राहा.